मल्लिनाथअप्पांचा नायट्रोजन

बेंबळीच्या दूध सोसायटीत मल्लिनाथअप्पा नेमकं काय काम करतात, हे पाहुण्यारावळ्यांत सांगताना त्यांचे सख्खे भाऊसुद्धा अडखळायचे. "जनावरांचे डाक्टर हायत," म्हणून वेळ मारून न्यायचे. अप्पा डॉक्टर नव्हते. दूध संघानं सहा महिन्यांचं शिक्षण देऊन त्यांना गाई भरवायला नेमलं होतं. सायकलीच्या कॅरिअरला तीन लिटरचा जाड कॅन बांधायचा, त्यात बर्फाहून कितीतरी गार अशा पातळ नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या जर्सी वळूच्या बीजाच्या कांड्या, आणि सात गावांतून जिथनं निरोप येईल तिथं जायचं. दहा वर्षांत त्यांच्या हातून झालेल्या कालवडींच्या गाई होऊन त्या दूध द्यायला लागल्या होत्या. तरी त्यांची सायकल दिसली की चावडीवरची टवाळ मंडळी "वळू आला, वळू आला" म्हणायची. अप्पा हसायचे आणि पायडल मारायचे.

सत्त्याऐंशी साली मात्र त्यांना काम उरलं नाही. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता. माळावर सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली. साखर कारखान्याकडून ट्रकनं उसाचे वाढे यायचे, टँकरनं पाणी यायचं, आणि साडेचारशे जनावरं दावणीला उभी राहून दिवस काढायची. अर्धपोटी गाय माजावर येत नाही. चार महिन्यांत अप्पांनी एकही कांडी वापरली नव्हती. तरी ते रोज सकाळी छावणीत यायचे, जनावरांच्या कानातले गोचीड काढायचे, कुणाची गाय बसली तर उठवायला खांदा द्यायचे. घरी बसून तरी काय करणार? चार वर्षांपूर्वी बायको, महादेवी गेली, तेव्हापासून घरात ते एकटेच होते.

छावणीत भिमाबाईंच्या दोन गाई होत्या. त्यातली तांबडी अप्पांच्याच कांडीची. भिमाबाईंनी पन्नाशी ओलांडली होती, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून त्यांनी एकुलत्या एका मुलीला शाळेत ठेवलं. धम्म घेतल्यानंतर जन्मलेली म्हणून तिचं नाव विशाखा. ती औरंगाबादला शिकली आणि आता मुंबईत, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. तिची पत्रं भिमाबाईंना अप्पाच वाचून दाखवायचे. त्यामुळं त्या प्रयोगशाळेचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी भिमाबाई वाढ्यांची मोळी उचलत होत्या. मोळी छातीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. त्यांनी ती खाली टाकली, उजवा हात डाव्या काखेत घातला आणि ओठ घट्ट दाबून उभ्या राहिल्या.

अप्पांनी ते पाहिलं. महादेवी कणीक मळता मळता असाच हात काखेत घालायची. ती अक्कलकोटकडची, घरात कानडीच बोलायची. काय झालं विचारलं की म्हणायची, "एनू इल्ल." काही नाही. अप्पांनी पुन्हा कधी विचारलं नाही. गाठ फुटून चोळीला डाग पडायला लागले तेव्हा त्यांना कळलं, आणि तोवर सोलापूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून दोन महिन्यांचा गर्भ ओळखणारा माणूस, आणि घरातल्या बाईच्या अंगावरची लिंबाएवढी गाठ त्याला कळली नव्हती. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

"भिमाबाई," ते जवळ जाऊन म्हणाले, "काय व्हतंय?"

"कुटं काय? चमक भरली."

"काखेत?"

भिमाबाईंनी पदर सारखा केला. "अप्पा, तुमी तुमच्या जनावरांकडं बघा."

अप्पांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बाईमाणसाला याच्यापुढं काय विचारायचं, कसं विचारायचं, त्यांना सुचेना. ते मुकाट्यानं फिरले. पण छावणीत न थांबता सायकल काढून ते थेट पोस्टात गेले आणि मुंबईच्या पत्त्यावर तार ठोकली: आईच्या काखेत दुखणं. लपवते आहे. ताबडतोब ये. मल्लिनाथ.

तिसऱ्या दिवशी विशाखा आली. त्या दिवशी भिमाबाईंनी सगळ्या छावणीसमोर अप्पांचा उद्धार केला. "माजं दुखणं मला ठावं! तुमाला कुनी सांगितलं हुतं लेकीला तार ठोकायला? तिकडं तिचा अभ्यास बुडतूय!" अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. विशाखानं आईला दुपारच्या एस.टी.त बसवलं आणि सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

चार दिवसांनी ती एकटीच परत आली. अप्पा सोसायटीत मोठ्या टाकीतून लहान कॅनमध्ये नायट्रोजन ओतत होते, कारण तो आपोआप उडून जातो आणि कांड्या वापरा न वापरा, कॅन भरलेला ठेवावाच लागतो. पांढरी वाफ त्यांच्या पायांवरून जमिनीवर पसरत होती. विशाखा दारातच थबकली.

"कॅन्सरच आहे, अप्पा," ती म्हणाली. "सुईनं पाणी काढून तपासलं. परवा सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, गाठ अजून सुपारीएवढीच आहे. वेळेवर आणलंत."

अप्पांनी टाकीचं झाकण लावलं. हात धोतराला पुसले.

"मुंबईला का नेत न्हाईस?"

"तिथं नंबर लागायला दीड महिना थांबावं लागेल. आणि आई काही मुंबईला यायला तयार नाही. म्हणते, गाई कुणाच्या गळ्यात मारू?" ती कॅनकडं बघत होती. "अप्पा, मला एक मागायचंय. हा कॅन द्याल?"

अप्पांना वाटलं, पोरीचं डोकं ताळ्यावर नाही.

"गाठ काढली की तिचा एक तुकडा मला मुंबईला पाठवायचाय," विशाखा म्हणाली. "तिथं दोन गोष्टी तपासता येतील. त्यातली एक आईच्या औषधासाठी, दुसरी माझ्या अभ्यासासाठी. पण तुकडा शरीराबाहेर आला की मिनिटामिनिटाला खराब होतो. बर्फ पुरत नाही. नायट्रोजनच पाहिजे, आणि तो दवाखान्यात नाही. मुंबईहून परवा सकाळपर्यंत यायचा नाही. कालपासून मी डोकं धरून बसले होते, आणि हा इथं आपल्या गावात आहे!"

"कॅन सोसायटीचा हाय," अप्पा म्हणाले. "आबारावला इचारावं लागंल."

सोसायटीचे चेअरमन आबाराव माणूस वाईट नव्हते, पण सभासदांना भारी भ्यायचे. अप्पा आणि विशाखा गेले तेव्हा ते ऑफिसात दोघा-तिघा संचालकांबरोबर चहा घेत बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी कप खाली ठेवला.

"माणसाचं मांस? जर्सीच्या बीजाच्या कॅनमदी? अप्पा, यड लागलं का काय? उद्या गाव म्हणंल, असल्या कॅनातलं बीज आमच्या गाईला नको. आणि बीज खराब झालं म्हंजी संघाला जबाब कोण देणार?"

"कांड्या मोठ्या टाकीत ठिवतो. कॅन रिकामाच जाईल."

"आणि गाई माजावर आल्या तर?"

"कशाच्या जिवावर येतील? चार महिने एक न्हाई आली."

"तरी बी. पायंडा पडतोय. कुनाच्याबी घरचं..." आबाराव बोलता बोलता विशाखाकडं बघून थांबले. कुणाच्या म्हणजे कुणाच्या, ते सगळ्यांना समजलं. विशाखानं नजर हलवली नाही.

तेव्हा मल्लिनाथअप्पा बोलायला लागले. मीटिंगमध्ये सही करण्यापलीकडं तोंड न उघडणारा माणूस उभा राहून बोलायला लागला.

"आबाराव, महादेवीच्या हातची धपाटी तुमी खाल्लीत. ती कशानं गेली, ठावं हाय? ह्याच रोगानं. माज्या घरात, माज्या डोळ्यांम्होरं सात महिने गाठ वाढत गेली. म्या जगाच्या गाई तपासत फिरलो आणि तिला एकदा धड इचारलं न्हाई. आता कुनाची तरी वेळेत सापडलीय. माज्या पगारातून कॅनची भरपाई घ्या, नोकरीवरनं काढा, काय करायचं ते करा. पर परवा कॅन सोलापूरला जानार."

आबारावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

"वैनीचं आमाला कुटं म्हाईत हुतं, अप्पा," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी घसा साफ केला. "कॅन न्या. पर एक सांगतो, दुसऱ्याच्या हाती द्यायचा न्हाई. जातीनं तुमी घिऊन जायचा आणि जातीनं परत आनायचा."

अशा रीतीनं गुरुवारी सकाळी नऊ वाजता मल्लिनाथअप्पा सोलापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, दोन पायांत कॅन धरून बसले होते. धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. समोरच्या दाराआड भिमाबाईंचं ऑपरेशन चाललं होतं. विशाखा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या हातात चंदेरी कागदाचे तुकडे आणि लांब चिमटा होता, आणि ती एकसारखी दाराकडं बघत होती. तिचं मन दुसरीकडं वळावं म्हणून अप्पांनी विचारलं, "पोरी, त्या तुकड्यात तू नेमकं काय हुडकणार?"

तिनं क्षणभर विचार केला. "अप्पा, छावणीतल्या गाई माजावर का येत नाहीत?"

"चारा न्हाई म्हणून."

"पण त्यांचं अंडाशय तर जागेवर आहे ना?"

"हाय की. हाताला लागतंय. सगळं जागच्या जागी हाय, पर वरनं हुकूमच सुटत न्हाई. पोटात अन्न पडलं की महिन्याभरात आपसूक सुटतो."

"मग तुम्हाला माझा निम्मा अभ्यास आधीच येतो," विशाखा म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. "आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळी जीन असतात. डोळ्याच्या पेशीत तीच, कातडीच्या पेशीत तीच. पण कुठलं जीन कधी चालू करायचं, किती चालू करायचं, याचा हुकूम वेगवेगळा. जीन चालू झालं की त्याच्या चिठ्ठ्या निघतात, आरएनए म्हणतात त्यांना. त्या चिठ्ठ्यांवरनं पेशी काम करते. आता एक जीन आहे, मिक नावाचं. ते चालू झालं की पेशी दुभंगते, एकीच्या दोन होतात. जखम भरायची असली, मूल वाढायचं असलं की ते पाहिजेच. पण चांगल्या पेशीत ते थोडा वेळ चालतं आणि बंद होतं. कॅन्सरच्या पेशीत पुष्कळदा त्याच्या चिठ्ठ्या थांबतच नाहीत."

"म्हंजी जीन नासलं?"

"तेच तर शोधायचंय. काही गाठींत त्या जीनच्या प्रती वाढलेल्या असतात. दोनाच्या जागी दहा, वीस. पण काहींत जीन अगदी धडधाकट असतं, प्रती दोनच असतात, आणि तरी चिठ्ठ्या ढिगानं निघतात. म्हणजे बिघाड जीनमध्ये नाही, हुकमात आहे. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन, तुमच्या गाईला माजावर आणतं तेच, पेशीत शिरतं. तिथं त्याच्यासाठी एक जागा असते, रिसेप्टर. इस्ट्रोजेन त्या जागेवर बसलं की ती जोडी जाऊन काही जीन चालू करते. त्यात हे मिकही असावं, असं आता दिसायला लागलंय. परदेशात लोक यावर काम करतायत, आम्ही आत्ता सुरुवात केलीय."

"आणि भिमाबाईंच्या गाठीत ती जागा असली तर?"

"तर बरं! एक गोळी आहे, ती इस्ट्रोजेनच्या आधी जाऊन त्या जागेवर बसते आणि हुकूम देत नाही. आईला त्या गोळीचा उपयोग होईल का, ते रिसेप्टरच्या तपासणीत कळेल. चिठ्ठ्यांचं मोजमाप माझ्यासाठी. आईला त्याचा फायदा होईलच असं नाही. पण पुढं कुणाला तरी होईल."

अप्पांनी मान हलवली. काही शब्द त्यांच्या डोक्यावरून गेले होते, पण हुकूम सुटणं आणि न सुटणं त्यांना पक्कं समजलं होतं. अवयव जागेवर असून गाय माजावर न येणं त्यांनी चार महिने पाहिलं होतं. आता त्याच्या उलटं काहीतरी भिमाबाईंच्या छातीत झालं होतं. काहीएक हुकूम सुटला होता आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता.

दार उघडलं. नर्सनं झाकलेली वाटी बाहेर आणली. "अर्धा तुकडा इथल्या तपासणीला ठेवलाय. हा तुमचा, कडेच्या निरोगी भागासकट. पेशंट ठीक आहे."

विशाखानं वाटी घेतली. हजार तुकडे तिनं असे गुंडाळले असतील, पण हा तिच्या आईचा होता. ती चिमटा धरून नुसती उभी राहिली. सेकंद जात होते.

"हिकडं आन," अप्पा म्हणाले.

त्यांनी चिमटा घेतला. कांड्या हाताळून त्यांच्या बोटांना सवय होती: घाई नाही, उशीर नाही. विशाखा सांगत गेली तसे त्यांनी तुकड्याचे हरभऱ्याएवढे पाच भाग चंदेरी कागदात गुंडाळले, लांब दांड्याच्या भांड्यात ठेवले आणि भांडं कॅनच्या गळ्यातून आत सोडलं. आत नायट्रोजन खळखळून उकळला, वाफेचा लोट वर आला आणि शांत झाला.

"किती वेळ गेला?" विशाखानं विचारलं.

"तीन मिनिटं बी न्हाई झाली."

तिनं भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसून रडून घेतलं. अप्पा दुसरीकडं बघत राहिले.

आईपाशी विशाखाला थांबणं भाग होतं, त्यामुळं मुंबईला अप्पाच निघाले. आयुष्यात ते सोलापूरच्या पलीकडं, शिक्षणाचे सहा महिने सोडले तर, कधी गेले नव्हते. दुपारच्या गाडीत त्यांनी कॅन गोणपाटात गुंडाळून मांड्यांमध्ये घट्ट धरला. तो आडवा होऊन चालणार नव्हता. कुर्डुवाडीला शेजारी बसलेल्या बाईंनी भाकरी पुढं केली, अप्पांनी ती एका हातानं खाल्ली. दौंडच्या पुढं तिकीट तपासनीस आला आणि गोणपाटाकडं बोट दाखवून म्हणाला, "यात काय आहे?"

"सोसायटीचा कॅन हाय साहेब. वळूच्या बीजाचा."

तपासनिसाला खरं वाटेना. "उघडा."

अप्पांनी झाकण बोटभर उचललं. पांढरी वाफ भसकन वर आली आणि समोरच्या बाकावरचे तिघे एकदम उभे राहिले. तपासनीस दोन पावलं मागं सरकला. "बंद करा, बंद करा ते!" असं म्हणून तो पुढच्या डब्यात गेला. त्यानंतर अप्पांना पाय पसरायला भरपूर जागा मिळाली.

दादर स्टेशनवर प्रयोगशाळेचा एक माणूस पाटीवर "बेंबळी" लिहून उभा होता. त्यानं कॅन मागितला. अप्पांनी दिला नाही. "जातीनं द्यायचाय," ते म्हणाले आणि टॅक्सीत कॅन मांडीवर घेऊन बसले. प्रयोगशाळेत चंदेरी पुड्या एका भल्यामोठ्या नायट्रोजनच्या टाकीत गेल्या, तेव्हाच त्यांनी हात मोकळे केले. सकाळी त्या लोकांनी कॅन धुऊन, काठोकाठ भरून परत दिला. वर चहा पाजला, आणि विशाखाच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, "तुम्ही कुठल्या विभागात काम करता?"

"गाई भरवतो," अप्पांनी सांगितलं. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी वीर्य गोठवताना पेशी मरू नयेत म्हणून काय घालतात, असं अप्पांना विचारलं आणि अप्पांनी सांगितलेलं वहीत टिपून घेतलं. आपलं काम कुणी टिपून घेतंय, हे अप्पा पहिल्यांदाच बघत होते. सायंकाळच्या गाडीनं ते परत निघाले.

भिमाबाई बाराव्या दिवशी घरी आल्या. डाव्या बाजूला पट्टी, हात खांद्याच्या वर जात नव्हता. काखेतल्या दोन गाठींतही रोग उतरला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि त्यामुळं विशाखाचा चेहरा उतरला होता. त्या दोन आठवड्यांत भिमाबाईंच्या गाई अप्पांनी सांभाळल्या होत्या. भिमाबाईंनी आधी गाईंच्या पाठीवरून हात फिरवला, हाडं मोजली, मग अप्पांकडं बघितलं.

"तांबडी वाळलीया."

"सगळ्याच वाळल्यात, भिमाबाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. तांबडीपुढं वाढे सारत म्हणाल्या, "तुमाला लई बोलले हुते त्या दिशी."

"बोलायचंच. महादेवी बोलली असती तर बरं झालं असतं."

एप्रिलमध्ये मुंबईहून पत्र आलं. ते अप्पांनीच वाचून दाखवलं. गाठीत रिसेप्टर होते, भरपूर होते. त्या बातमीबरोबर गोळ्यांची दोन पाकिटं होती. रोज दोन, चुकवायच्या नाहीत, निदान दोन वर्षं. भिमाबाईंना गोळीचं नाव घेता येईना. त्या तिला "बसकी गोळी" म्हणायला लागल्या, कारण ती जाऊन दुसऱ्याच्या जागेवर बसते, असं अप्पांनी समजावलं होतं. सकाळी दूध घालायला निघण्याआधी एक आणि संध्याकाळी दिवा लावताना एक.

त्या वर्षी पाऊस बेताचाच, पण झाला. छावणी मोडली. जनावरं आपापल्या गोठ्यात गेली, आणि श्रावण उलटता उलटता अप्पांच्या दारात निरोपावर निरोप यायला लागले. एकाच आठवड्यात त्यांनी एकवीस गाई भरवल्या. माळावरच्या वाळक्या गाई जशा एखाद्या दिवशी ठरवून जाग्या व्हाव्यात तसं झालं. अप्पा दमून घरी यायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, हुकूम सुटला.

दिवाळीत विशाखा आली ती एक मोठं पाकीट घेऊन. अंगणात बसून तिनं त्यातून एक्स-रेसारखी काळपट फिल्म काढली आणि उजेडाकडं धरली. शेजारीशेजारी काही पट्टे दिसत होते.

"हे आईच्या रक्तातलं मिक जीन, आणि हे गाठीतलं. दोन्ही पट्टे सारखे आहेत ना? म्हणजे प्रती वाढलेल्या नाहीत. आता ही दुसरी फिल्म बघा. ही चिठ्ठ्यांची. हा शेजारच्या निरोगी भागाचा पट्टा."

अप्पांना काही दिसेना. मग डोळे बारीक केल्यावर केसाएवढी रेघ दिसली.

"आणि हा गाठीचा."

तो कोळशानं ओढल्यासारखा काळा होता.

"जीन तेवढंच, आणि चिठ्ठ्या पन्नासपट," विशाखा म्हणाली. "हुकूमच सैल होता, अप्पा. बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर मी ती बसकी गोळी घालून बघितली. इस्ट्रोजेन घातलं की पट्टा काळा, गोळीचं औषध घातलं की फिका. सहा वेळा केलं, सहाही वेळा तसंच आलं."

भिमाबाईंनी फिल्म हातात घेऊन उलटसुलट बघितली. "ह्यो काळा डाग म्हंजी माजा व्हय?"

"तुझाच. पण तो तुझ्या अंगातनं काढून नेलाय. आता राहिलंच असलं काही, तर त्याला गप बसवायला गोळी आहे."

अप्पांनी भिमाबाईंच्या हातून फिल्म घेऊन पाकिटात सरकवली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो विशाखाला आधीपासून अपेक्षित असावा.

"महादेवीचं बी असंच असंल का? गोळीनं थांबलं असतं का?"

विशाखानं खोटं सांगितलं नाही. "नाही सांगता येणार, अप्पा. काही गाठींत ती जागाच नसते, तिथं गोळी काही करत नाही. काकूंच्या गाठीत काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. पण गाठ सुपारीएवढी असताना काढली असती, तर त्यांना जास्त दिवस मिळाले असते. एवढं नक्की."

अप्पांनी डोळे पुसले. चिडले नाहीत. खरं उत्तर मिळालं, याचंच त्यांना हलकं वाटलं.

दूध घालायला रोज सकाळी सोसायटीत ऐंशी-नव्वद बाया यायच्या. दुधाची प्रत तपासून होईपर्यंत अर्धा तास ओळीत थांबायच्या. विशाखा परत जायच्या आदल्या दिवशी अप्पांनी आबारावांकडं जाऊन, दर अमावास्येच्या सकाळी त्या अर्ध्या तासात पुरुषमंडळींनी बाहेर थांबायचं, असं ठरवून घेतलं. आत भिमाबाई बोलणार होत्या. आबारावांनी यावेळी पायंड्याचं नाव काढलं नाही. उलट पहिल्या सकाळी दाराशी तेच उभे राहून आत घुसणाऱ्या पुरुषांना हाकलत होते.

भिमाबाईंना भाषण येत नव्हतं. त्यांनी पदर बाजूला केला, आपला व्रण दाखवला आणि म्हणाल्या, "हे बघा, काय भ्यायचं न्हाई. म्या जित्ती हाय." मग बायांना हातानं कसं चाचपून बघायचं ते शिकवलं. विशाखानं त्यांना शिकवलं होतं, तसंच. पहिल्यांदा बाया लाजून हसल्या. तिसऱ्या अमावास्येला कुणी हसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सरुबाई नावाची तिशीतली एक बाई, कडेवर लेकरू घेऊन, अप्पांच्या दारात आली आणि खालमानेनं उभी राहिली. अप्पांना वाटलं, गाय माजावर आली असेल.

"गाय न्हाई," ती म्हणाली. "माजंच हाय. भिमामावशींनी सांगितल्यागत बघितलं, तर हाताला लागतंय. घरात कुनाला बोलले न्हाई."

अप्पांनी सायकल भिंतीला टेकवली आणि तिला भिमाबाईंकडं नेलं. भिमाबाई गोठ्यात तांबडीची धार काढत होत्या. तांबडी श्रावणात गाभण राहिली होती आणि नुकतीच व्यायली होती. सरुबाईचं ऐकून त्यांनी चरवी खाली ठेवली, हात धुतले, तिला आत नेऊन दार लावलं. थोड्या वेळानं बाहेर आल्या.

"गाठ हाय. मऊ हाय, हलतीया. पर आपुन कशाला ठरवायचं? सोलापूरला दाखवू."

"मालक काय म्हनतील..." सरुबाईनं तोंडाला पदर लावला.

"मालकाला अप्पा सांगतील," भिमाबाई म्हणाल्या.

अप्पांनी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. सांगताना त्यांची जीभ अडखळली नाही. सरुबाईचा नवरा थोडा घुटमळला, मग म्हणाला, "म्या बी येतो संगं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं चौघंही सोलापूरला गेले. डॉक्टरांनी सुई घालून तपासलं, दोन दिवस थांबायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी हसत बाहेर आले. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या दुधाची गाठ होती. आठ दिवसांचं औषध, बाकी काही नाही.

एवढ्या लांब सगळ्यांना उगाच हेलपाटा पडला, म्हणून सरुबाई भिमाबाईंपुढं ओशाळली.

"उगाच कसा?" भिमाबाई म्हणाल्या. "असला हेलपाटा धा डाव पडू दे. म्या येत जाईन." त्यांनी लेकरू तिच्या कडेवरून आपल्या उजव्या खांद्यावर घेतलं आणि स्टँडच्या दिशेनं ताडताड चालायला लागल्या. त्यांना गाठता गाठता मल्लिनाथअप्पांची दमछाक झाली.